उसना गारवा

एप्रिल-मेमध्ये दुपारी चारच्या सुमारास कॉलेज रोडच्या आसपास क्लासेसच्या गल्ल्यांत गाड्यांची रांग लागलेली असते. काचा वर, आत कुणीतरी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलं, मूल सुटायला अजून पंचवीस मिनिटं. कुणाचं इंजिन चालू आणि कुणाचं बंद, हे ओळखायला बोनेटवर हात ठेवावा लागत नाही. खाली वाकून बघायचं. एसी खरोखर चालू असेल तर पुढच्या चाकांच्या मागे डांबरावर थेंब पडत असतात. इंजिन बंद करून नुसता पंखा लावलेला असेल तर तिथे ओला डाग तेवढा उरलेला असतो, कडेनं सुकत सुकत लहान होत चाललेला. नाशिकच्या उन्हाळ्यात हवा कोरडी, म्हणून थेंब मोजकेच. जुलैत याच जागी धार लागते.

त्या सुकत चाललेल्या डागाच्या गाडीत चावी 'ऑन'वर असते, एसीचं बटण दाबलेलं असतं आणि बटणावरचा बारका दिवाही लागलेला असतो. आत बसलेल्याला वाटतं, एसी चालू आहे. दिवा खोटं बोलत नाही, पण तो एवढंच सांगतो की तुम्ही एसी मागितलाय. मिळतोय की नाही, हे त्याला ठाऊक नसतं.

पेट्रोल-डिझेलच्या नेहमीच्या गाडीत गारव्याचं सगळं गणित कॉम्प्रेसरवर चालतं, आणि कॉम्प्रेसर फिरतो तो इंजिनच्या बेल्टवर. इंजिन चालू असताना एसी दाबला की बोनेटखाली 'टक्' असा आवाज येतो, तो कॉम्प्रेसरच्या पुलीतला चुंबकी क्लच धरल्याचा. तिथून गॅस दाबला जातो, पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून तो डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो आणि तिथे पुन्हा वायू होताना आतल्या हवेतली उष्णता शोषून घेतो. ब्लोअर फक्त त्या कॉइलवरून हवा ढकलतो. इंजिन थांबलं की बेल्ट थांबला, बेल्ट थांबला की कॉम्प्रेसर थांबला. ब्लोअर मात्र बॅटरीवर चालत राहतो, आणि सगळा गैरसमज त्याच्या घोंघावण्यातून होतो.

एक गोष्ट कान देऊन ऐकण्यासारखी आहे. इंजिन बंद केल्यावर रेडिओ आणि ब्लोअरही बंद करून अर्धा मिनिट गप्प बसलं, तर डॅशबोर्डच्या आतून बारीक 'स्स्स' ऐकू येतं. गॅस गळतोय असं वाटून बरेचजण थेट गॅरेज गाठतात. गळत काही नाही. चालू एसीत कॉम्प्रेसरच्या एका बाजूला दोनशे-सव्वादोनशे पीएसआय दाब असतो, दुसऱ्या बाजूला तीस-चाळीस. कॉम्प्रेसर थांबला की जास्त दाबाकडचा गॅस व्हॉल्व्हमधून कमी दाबाकडे सरकत राहतो आणि थोड्या वेळात दोन्ही बाजू सारख्या होतात. आर-१३४ए हा गाड्यांच्या एसीतला नेहमीचा गॅस असेल आणि बाहेर पस्तीस अंश असतील, तर दोन्ही बाजूंच्या दाबमापकांचे काटे शंभर-सव्वाशेच्या आसपास येऊन थांबतात. तो आवाज थांबला की नवा गारवा बनणं संपलं. त्यापुढे मिळेल ती शिल्लक.

ही शिल्लक किती? कॉइल ही ॲल्युमिनियमची पातळ पापुद्र्यांची वस्तू. चालू एसीत ती तीन-चार अंशांवर असते, त्याहून खाली गेली तर तिच्यावर बर्फ धरेल म्हणून यंत्रणाच कॉम्प्रेसर थांबवते. इंजिन बंद केल्यावर ब्लोअर एकवर ठेवला तर दोन-तीन मिनिटं बरी हवा लागते. चारवर ठेवला तर मिनिटभर जास्त गार लागतं आणि लगेच संपतं. माठातलं पाणी पेल्यानं प्या नाहीतर तांब्यानं, माठ तेवढाच. त्यानंतर कॉइलवर साचलेलं पाणी वाळायला लागतं आणि ती वाफ आत येते. हवा दमट लागते, ओल्या फडक्यासारखा वास येतो. आणखी काही मिनिटांनी ब्लोअर जी हवा फेकतो ती बाहेरचीच, तीही काचेखालच्या जाळीतून आलेली, म्हणजे तापलेल्या बोनेटच्या शेजारून. बाहेर ३८ अंश असतील तर ती त्याहून गरमच असते. इतकं झाल्यावरही बरेचजण ब्लोअर चारवर नेऊन वाट बघत बसतात.

कुणी विचारेल, मग कॉम्प्रेसर बॅटरीवरच का चालवत नाहीत? भागाकार करून बघावा. लहान गाडीचा कॉम्प्रेसर भर उन्हात दोन-अडीच किलोवॉट खातो. बारा व्होल्टवर तेवढं काढायचं तर जवळपास दोनशे ॲम्पिअर. स्टार्टर एक-दोन सेकंद जितका करंट ओढतो, साधारण तितका सतत. लहान पेट्रोल गाडीतली बॅटरी ३५ ॲम्पिअर-अवरची असते, म्हणजे सगळी मिळून ४२० वॉट-अवर. घरच्या मीटरवर हे अर्धं युनिटही भरत नाही. कागदावर दहा मिनिटं निघतील. प्रत्यक्षात तीही नाहीत, कारण शिसे-आम्लाची बॅटरी जितक्या जोरात उपसावी तितकी कमी देते. कंपन्यांनी कंजूषपणा केला असा हा मामला नाही, त्या डब्यात तेवढा मालच नसतो.

आता नुसत्या ब्लोअरचा हिशेब, कारण गाडी बंद पडते ती यातच. पहिल्या वेगावर ब्लोअर चारेक ॲम्पिअर घेतो, शेवटच्यावर पंधरा ते वीस. शिवाय चावी 'ऑन'वर असल्यामुळे इंजिनचा कॉम्प्युटर, मीटरचे दिवे, स्क्रीन, गाणी यांचे मिळून तीन-चार ॲम्पिअर वेगळे. बॅटरी ३५ची म्हणून पस्तीसच्या पस्तीस वापरायला मिळत नाहीत. तीन उन्हाळे काढलेल्या बॅटरीत खरी पंचवीसच उरलेली असते, आणि स्टार्टर फिरवण्यापुरती निम्म्याहून जास्त राखून ठेवावी लागते. हाताशी राहिली दहा. ब्लोअर एकवर असेल तर सव्वा तास, चारवर असेल तर जेमतेम पंचवीस मिनिटं. हेडलाइट चुकून चालू राहिले असतील तर त्यांचे नऊ ॲम्पिअर यात धरा. डिझेल गाडीची बॅटरी साठ-पासष्टची असते म्हणून मालक निर्धास्त असतात, पण डिझेल इंजिन फिरवायला जोरही जास्त लागतो.

चावीच्या खाचाही नीट माहीत असाव्यात. 'एसीसी' म्हणजे ॲक्सेसरीज, हे एअर कंडिशनरचं लघुरूप नाही. ही गफलत खूप जुनी आहे. बहुतेक गाड्यांत 'एसीसी'वर गाणी आणि चार्जिंग चालतं, ब्लोअर चालत नाही. त्याला 'ऑन' लागतं. बटणाच्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण एकदा दाबलं की 'एसीसी', दोनदा दाबलं की 'ऑन'. नुसती गाणी ऐकायची असतील तर पहिल्या खाचेवर थांबावं.

बॅटरी उतरलीय हे गाडी आधी सांगते. ब्लोअरचा आवाज बसका होतो, डॅशबोर्डचे दिवे पिवळट दिसायला लागतात. तरीही बसून राहिलात तर स्टार्ट मारताना 'टकटकटकटक' एवढंच ऐकू येतं: स्टार्टरचा रिले उचलतोय, पण मोटर फिरवण्याइतका दम नाही. बॅटरीवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, एसी लावून बसला होता का?" आणि उत्तरही ठरलेलं, "नाही नाही, नुसता पंखा." व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर डिकीत असावा. गाडी काही तास उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. निम्म्याखाली वरचेवर उतरणारी बॅटरी लवकर मरते. आतल्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो आणि मग चार्जरलाही तो फुटत नाही. चार वर्षं जायची ती दोन वर्षांत जाते आणि दोष वॉरंटीला दिला जातो.

जंप केबल लावायचा क्रम लोक गडबडीत चुकवतात. आधी लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचा काळा उतरलेल्या बॅटरीला न लावता त्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा टेकवताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ही खबरदारी. काढताना उलटा क्रम. मदतीची गाडी पाच मिनिटं चालू ठेवावी, मग स्टार्ट मारावा. चार माणसं जमली तर धक्का स्टार्टही होतो, दुसऱ्या गिअरवर, पण फक्त मॅन्युअल गाडीत. ऑटोमॅटिकला ढकलून घाम तेवढा येईल. चालू झाल्यावर लगेच बंद करू नये. निम्मी उतरलेली बॅटरी दारात इंजिन घुरघुरवत ठेवून भरत नाही. निदान तास-दीड तास रस्त्यावर चालवावी लागते, त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन यावं इतकी.

मग इंजिन चालूच ठेवलं तर? पुष्कळजण तेच करतात. लहान पेट्रोल गाडी जागेवर उभी राहून एसीसह तासाला एक लिटरच्या आसपास पेट्रोल खाते. पैशापेक्षा इथे दुसऱ्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. इंजिन मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांवर असताना कॉम्प्रेसरही संथ फिरतो, आणि कंडेन्सरवर पुढून वारा नसतो, फक्त पंखा. त्यामुळे उभ्या गाडीत गारवा कमीच मिळतो. कंडेन्सर धुळीनं बुजलेला असेल तर दाब वाढून कॉम्प्रेसर मधेमधे थांबतो. मुंबई नाक्याच्या सिग्नलला एसी गरम हवा मारतो आणि महामार्गावर ठीक होतो, अशी तक्रार असेल तर गॅस भरायला घाई करू नये, आधी कंडेन्सर धुऊन पंखा तपासावा.

दुसरी गोष्ट कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जास्त ओढीनं चिकटतो. इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, बंद गॅरेजात, मागून भिंतीला टेकवून लावलेल्या गाडीत इंजिन चालू ठेवून झोपणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. 'रीसर्क्युलेशन'वर, म्हणजे आतलीच हवा फिरवण्यावर, आहे म्हणून बाहेरचं आत येत नाही, ही समजूत चुकीची. दारांची रबरं, डिकीच्या बाजूच्या हवा निघायच्या झडपा, सडलेला सायलेन्सर, वाट कुठूनही मिळते. डोकं जड होणं, मळमळ आणि गुंगी ही लक्षणं. झोपलेल्याला तीही कळत नाहीत. इथे सवलत नाही. झोपायचं असेल तर इंजिन बंद, काचा खाली.

"पाच मिनिटांत आलोच" म्हणून आजीला मागच्या सीटवर बसवून, इंजिन आणि एसी चालू ठेवून सराफ बाजारात शिरणाऱ्यांसाठी मोटार वाहन कायद्याचं १२६ कलम आहे. सार्वजनिक जागी गाडी उभी असताना चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा. आणि इंजिन बंद करून, काच बोटभर उघडी ठेवून आजीला किंवा बाळाला आत ठेवणं हा त्यावरचा तोडगा नव्हे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान तासाभरात सरासरी बावीस अंशांनी वाढलं होतं, त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात. काच थोडी खाली ठेवल्यानं फारसा फरक पडला नव्हता. पस्तीस अंशांत बावीस मिळवून बघा. लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. आजी आपल्याबरोबर दुकानात आली तर तिला तिथे खुर्ची मिळते, पाणीही मिळतं.

सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांचं इथे थोडक्यात सांगायला हवं. 'माइल्ड हायब्रिड' नाव असलं तरी त्यांचा कॉम्प्रेसर सहसा बेल्टवरच असतो. इंजिन थांबलं की तोही थांबतो, आणि कॉइल तापू लागली की गाडी स्वतःच इंजिन पुन्हा चालू करते. इंजिनच्या जोडीला मोठी बॅटरी असलेल्या 'स्ट्राँग हायब्रिड'मध्ये मात्र कॉम्प्रेसर विजेवर चालतो. इंजिन बंद असतानाही तो खरा गारवा देतो, आणि मोठी बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं. म्हणूनच ही गाडी तळघरात 'रेडी', म्हणजे निघायच्या तयारीत, ठेवून झोपणं साध्या गाडीइतकंच वाईट, किंबहुना जास्त, कारण इंजिन कधी सुरू झालं ते कळतही नाही.

इलेक्ट्रिक गाडीत हा प्रश्नच वेगळा होतो. तापलेली गाडी गार करताना पहिली दहा मिनिटं दोन-तीन किलोवॉट जातात, मग एकाच्या आसपास येऊन स्थिरावतं. चाळीस युनिटच्या बॅटरीतून तासाला एक-दीड युनिट, म्हणजे सात-दहा किलोमीटरची धाव. धूर नाही, आवाज नाही. वाट बघत बसायला याहून सोयीची गाडी नाही. पण यातही एक खोच आहे. मोठी बॅटरी जोडली जाते ती 'रेडी' दिसल्यावर. नुसत्या ॲक्सेसरी स्थितीत स्क्रीन आणि गाणी बोनेटखालच्या त्याच जुन्या बारा व्होल्टच्या डब्यावर चालतात. तो उतरला की चाळीस युनिट पोटात असूनही गाडी रिमोटनं दारसुद्धा उघडत नाही, आणि इलेक्ट्रिक गाडीचा मालक जंप केबल मागत फिरतो.

ज्यांच्याकडे साधी गाडी आहे, त्यांनी काय करावं? पोहोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसीचं बटण बंद करून ब्लोअर चालू ठेवावा. शिल्लक गारवा रस्त्यातच वापरला जातो, आणि कॉइल वाळल्यामुळे तिच्यावर बुरशी धरत नाही, सकाळचा आंबूस वास जातो. दुपारी गाडी लावताना आत्ताची सावली न बघता तासाभरानंतरची बघावी. सूर्य पश्चिमेला झुकणार, म्हणून झाडाच्या किंवा इमारतीच्या पूर्वेला. पुढच्या काचेला चंदेरी पडदा लावला तर निदान स्टिअरिंगला हात लावता येतो. बसायचंच असेल तर तिरप्या दोन काचा उघडाव्यात, पुढची डावी आणि मागची उजवी, आणि यूएसबीवर चालणारा छोटा पंखा दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेला जोडावा. तो पाच वॉट खातो आणि पाच-सहा तास चालतो. गाडीचा ब्लोअर चारवर असताना दोनशे वॉट खाऊन तीच हवा हलवत असतो. कोरड्या एप्रिलमध्ये मानेवर ओला पंचा टाकला की हा पंखा पुरतो. सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारे 'मिनी एसी' मिळतात, ते घेऊ नयेत. त्या खाचेचा फ्यूजच पंधरा-वीस ॲम्पिअरचा. त्यातून एसी चालवण्याची भाषा म्हणजे स्ट्रॉनं विहीर उपसणं.

पुन्हा निघताना गाडी भट्टी झालेली असते. एक काच उतरवून तिच्या समोरच्या बाजूचं दार पाच-सहा वेळा उघडझाप करावं, आतली जळकी हवा तेवढ्यानं बाहेर जाते. मग इंजिन, मग एसी, पहिली दोन मिनिटं काचा खाली आणि बाहेरची हवा घेत. नंतर काचा वर करून 'रीसर्क्युलेशन'. आल्या आल्या काचा बंद करून रीसर्क्युलेशन दाबणारा पन्नास अंशांची हवा गार करत बसतो.

२०२७च्या सिंहस्थात पर्वण्या येतील त्या पावसाळ्यात, आणि वाहनतळांवर गाडीत बसून राहणारी माणसं असतीलच. तेव्हा त्रास उकाड्याचा नसेल, धुरकटलेल्या काचांचा असेल. चार जणांचा श्वास आणि ओले कपडे. हवा सुकवणारी कॉइल बंद. अशा वेळी रीसर्क्युलेशन काढून बाहेरची हवा, ब्लोअर एकवर आणि काच इंचभर खाली. निघताना पुढच्या काचेवर एसी आणि गरम हवा एकत्र सोडली की ती मिनिटभरात लख्ख होते.

या सगळ्यात ज्यांचं बसणं आपल्यासारखं वीस मिनिटांचं नसतं, ते आडगावच्या ट्रक टर्मिनलवर असतात. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. नियम चांगलाच आहे, पण तो कॉम्प्रेसरही इंजिनवरच चालतो, आणि ड्रायव्हर झोपतो तेव्हा इंजिन बंद असतं. बॅटरीवर चालणारे 'पार्किंग एसी' मिळतात, चोवीस व्होल्टवर वीस-पंचवीस ॲम्पिअर घेणारे. ट्रकच्या दोन बॅटऱ्या शंभर-शंभरच्या धरल्या (एकीला एक जोडून व्होल्ट दुप्पट होतात, ॲम्पिअर-अवर शंभरच राहतात) आणि निम्म्याच वापरायच्या म्हटल्या, तर दोन-अडीच तास निघतात. रात्रभर चालवायचा तर लिथियमची वेगळी बॅटरी हवी, तिचा खर्च मालकानं करायचा की ड्रायव्हरनं, हे नियमात नाही. तोवर बटणावर एसी लिहिलेल्या नव्या कोऱ्या केबिनची दोन्ही दारं सताड उघडी, आरशाला गमछा वाळत टाकलेला, आणि दाराबाहेर दोन पाय.